नर्सबाईंनी दिलेले संत

आमच्या नर्सबाईंना तारीख विचारायची सोय नव्हती. "बाई, आज किती तारीख?" म्हटलं की त्या डोळे मिटायच्या, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायच्या आणि सांगायच्या, "आज सां मातेव." वर्षातल्या प्रत्येक दिवसाचा त्यांच्याकडे एक संत होता. आता ह्या संत मातेवाचं माणसानं काय करायचं? शेवटी आपलं आपण आत जाऊन कॅलेंडर बघायचं. दूधवाला मात्र तयार झालेला होता. "सां मार्टिनपासून पाव लिटर जास्ती घाल रे," असं त्याला महिनाभर आधी सांगितलेलं असे आणि तो बरोबर त्या दिवशी जास्ती दूध घाली. मी एकदा त्याला विचारलंच, तुझ्या हे लक्षात राहतं कसं? तर म्हणाला, "मी कुठं लक्षात ठेवतो ताई? त्या आदल्या दिवशी आठवण करतातच."

ह्या बाई म्हणजे माझ्या घरमालकीण. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं आणि मी मंडणगडाकडच्या खेड्यातून उठून रत्नागिरीला टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक बोर्डावर ऑपरेटर म्हणून लागले होते. बाईंच्या घराची मागची खोली मला मिळाली. चिऱ्याचं बैठं घर, पुढे पडवी, आणि माजघरात कोपऱ्यात पायऱ्यापायऱ्यांची एक फळी. तिच्यावर प्लास्टरचे संत इतके दाटीवाटीनं उभे असायचे की एकाला पुसायला काढलं तर दुसरा पडायचा. बाई ख्रिस्ती, लग्न केलेलं नाही, घोट्यापर्यंत फुलाफुलांचा झगा, पांढऱ्या केसांचा घट्ट बुचडा आणि आवाज असा की पडवीत बोलल्या तर नाक्यावरचा माणूस थांबावा. गावातल्या एका डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहात त्यांनी सगळं आयुष्य काढलं होतं. ते प्रसूतिगृह बंद झालं तरी गावात नर्सबाई म्हणजे ह्याच.

खोली बघायला गेले तेव्हा मी तयारीनं गेले होते. गाव कुठलं, घरी कोण कोण, कुणी पुरुषमाणूस भेटायला येणार का, हे घरमालकिणी विचारतातच. बाईंनी चष्मा नाकावर चढवला आणि विचारलं, "जन्मतारीख?"

"एक जून," मी म्हटलं.

बाई आरामखुर्चीत मागे रेलल्या. "सायबा! आणखी एक आली!"

आमच्या वेळच्या खेड्यातल्या माणसांना हे समजावून सांगायला नको. आजोबा नातवंडाचा हात धरून शाळेत न्यायचे. मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? आजोबा म्हणायचे, तांबडी गाय व्याली त्याच्या जरा आधीचा. मास्तर कपाळाला हात लावायचे आणि लिहून टाकायचे, एक जून. आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनची होती. जुळी म्हणावीत तर आया वेगळ्या.

"एक जून म्हणजे सां जस्तिन," बाई म्हणाल्या. "तो बिचारा एकटा. अर्ध्या कोकणाला त्यानं सांभाळायचं कसं गो? आणि ती तुझी सुईण कोण? नाळ कापली, पोर हातात दिलं आणि निघून गेली? दिवस नको ध्यानात ठेवायला?" त्यांना ते अगदी मनापासून लागलं होतं. खोली मला दिली, पण खरा दिवस शोधून काढायच्या अटीवर. तोवर माझं नाव 'एक जून'. मी ड्यूटीवरून आले की पडवीतून हाक यायची, "एक जून, चहा ठेवलाय गो!" शेजारपाजारच्यांना काही दिवस वाटत होतं की ही मुलगी एक जूनला खोली सोडणार आहे.

बाईंचा हा संतांचा नाद साधासुधा नव्हता. प्रसूतिगृहात असताना त्या बाळाला पुसून घ्यायच्या, दुपट्यात गुंडाळायच्या आणि त्याच्या कानात त्या दिवसाच्या संताचं नाव सांगायच्या. बाळ कोळ्याचं असो, भटजींचं असो की राजिवड्यातल्या मुसलमानाचं असो, बाईंच्या हातून आलं म्हणजे त्याला एक संत मिळालाच. पुढे बारशाला आईबाप काय वाटेल ते नाव ठेवोत. कुणी एकदा म्हणे जरा वाकड्यात शिरून विचारलं, बाई, हे काय चालवलंयत? तर बाई म्हणाल्या, "नाव तुमचं, देव तुमचे, पोर तुमचं. मी एक राखणदार जादा दिला. नको असेल तर परत द्या." परत कोण देतंय! राखणदार कुणाला नको असतो?

त्यामुळे बाईंबरोबर मच्छीमार्केटात जायचं म्हणजे गंमत असायची. सौंदाळे विकणाऱ्या कोळणीच्या मुलीला त्या "काय गो आग्नेस?" म्हणायच्या आणि ती आग्नेस तोंडभर हसून दोन मासे जास्ती टाकायची. मिरकरवाड्यातल्या एका तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, त्यांनी सां क्लेमेंत दिला होता. ह्या क्लेमेंताला म्हणे गळ्यात नांगर बांधून समुद्रात टाकला होता. तांडेल हात जोडून म्हणायचा, "बाई, त्याला बुडवलान तो बुडवलान. मला तेवढा तरंगता ठेवायला सांगा." आमच्या एक्स्चेंजचा लाइनमनही बाईंच्याच हातचा. त्याच्या वाट्याला सां सिमियोन आला होता, जो सगळं आयुष्य एका खांबावर राहिला. लाइनमनला हे कळलं तेव्हा तो अर्धा तास हसत होता. त्यानंतर खांबावर चढताना तो आम्हाला ओरडून सांगायचा, "चाललो माझ्या संताकडे!"

आणि ज्याचा संत, त्याचं त्या दिवशी फेस्त, म्हणजे सण. बाई त्याच्या घरी केकचा तुकडा नाहीतर दोन नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, पाठवणार म्हणजे पाठवणार. कितीतरी घरांत आईला मुलाच्या वाढदिवसाची आठवण बाईंच्या नेवऱ्यांनी व्हायची.

संतांच्या गोष्टी त्या सांगायच्या त्याही अशा, की हे सगळे लोक मांडवीला नाहीतर झाडगावात राहत असावेत. सां बार्बराच्या बापानं तिला बुरुजात कोंडलं आणि शेवटी स्वतःच्या हातानं मारलं. ही गोष्ट सांगताना बाई पदर नसलेल्या खांद्यावरून पदर ओढल्यासारखा हात करायच्या आणि म्हणायच्या, "बापूस काय गो तो! मी म्हणत्ये, नव्हतं पटत तर बोलायचं ना पोरीशी! पडली मग वीज डोक्यावर. पडणारच." एकदा माझी दाढ ठणकत होती. मी गाल धरून बसलेली, आणि बाईंनी आधी मला सां अपोलोनियाचे दात कसे पाडले ते सगळं रंगवून सांगितलं, मग लवंगेचं तेल दिलं. मी म्हटलं, बाई, तेल आधी दिलं असतंत तर? "मग गोष्ट कोण ऐकणार?" त्या म्हणाल्या. खरंच होतं ते.

सां लॉरेन्सला लोखंडी जाळीवर भाजला. अर्धा भाजून झाल्यावर तो म्हणाला, ही बाजू झाली, आता मला परता. बाई ही गोष्ट नेमकी बांगडे तळताना सांगायच्या आणि बांगडा उलटायच्या. मी चार दिवस मासे खाल्ले नाहीत. पण लॉरेन्सच्या फेस्ताला त्या स्वतः तव्याला हात लावायच्या नाहीत. भाकरी नाही, चपाती नाही, भात आणि सोलकढी. "त्याच्यासमोर तवा तापवायचा? बरं दिसतं का गो ते?" अशी त्यांची समजूत.

आता माझ्या लग्नाकडे येते, कारण बाई खऱ्या कशा होत्या ते मला तेव्हाच कळलं.

खेडजवळच्या लोट्याच्या एका केमिकल कंपनीतला एक मुलगा दर आठवड्याला रत्नागिरीला ट्रंक कॉल लावायचा. आईशी बोलायला. आईच्या घरी फोन नव्हता, शेजाऱ्यांकडचा नंबर. खेडहून लाइन यायची, मी जोडून द्यायची, आणि शेजारीण त्याच्या आईला बोलवायला जाईपर्यंत आम्ही दोघं लाइनवर नुसती बसलेली. किती वेळ गप्प बसणार? तो म्हणायचा, पाऊस आहे का तिकडे? मी म्हणायची, आहे. असं करत करत पावसावरून आम्ही पुष्कळ लांब आलो. त्याच्या आईचा आवाजही मला पाठ झाला होता. "जेवलास काय रे? काय जेवलास? एवढंच?" मला ती बाई बघायच्या आधीच आवडली होती. एक दिवस तो कॉल तुटल्याची तक्रार करायला म्हणून एक्स्चेंजात आला. तक्रार काही नव्हती, हे मला, त्याला आणि माझ्या सगळ्या मैत्रिणींना माहीत होतं.

घरी कळलं. घराणी सोयरीक होण्यासारखी होती, त्यांचं मूळ गावही आमच्याच बाजूचं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्याच्या आईनं निरोप पाठवला, मुलीची पत्रिका द्या.

त्यांचं पत्रिकेवाचून पान हलत नसे, आणि त्याला कारणही होतं. नवरा बोटीवर. वर्षाचे दहा महिने समुद्रावर. प्रत्येक खेपेला निघताना ह्या त्याची पत्रिका दाखवून यायच्या आणि मगच त्याची बॅग भरायच्या. आजवर तो सुखरूप परत आला होता. मग त्या पत्रिका कशा सोडतील? आणि मी पडले एक जून. पत्रिका कुठून आणू?

बाईंना हे सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. "कोण मुलगा म्हणालीस? अगं, तो माझा लुई! माझ्या हातचा!" आणि त्यांनी मला घट्ट मिठी मारली. सां लुई म्हणजे फ्रान्सचा राजा. स्वतःच्या ताटातलं गरिबांना वाढायचा. म्हणूनच त्या मुलाला बाई लहानपणापासून 'राजा' म्हणायच्या, आणि पंचवीस ऑगस्टला त्याच्या घरी नेवऱ्यांचा डबा जायचा. "राजाशी लग्न करत्येस तू," बाई म्हणाल्या. "आता तुझा संत शोधल्यावाचून मी राहत नाही. चल, मंडणगडाला जाऊ."

आणि गेलो. एस.टी.त बाई पुढच्या सीटवर, मांडीवर छत्री आणि पिशवीत सां क्रिस्तोफर, तो प्रवाशांचा म्हणून. प्रत्येक वळणाला त्या पिशवीत तोंड घालून त्याच्याशी बोलायच्या. कंडक्टरला वाटलं पिशवीत मांजर आहे. त्यानं मांजराचं तिकीट मागितलं.

आमच्या गावात झगेवाली बाई उतरली म्हटल्यावर सगळी वाडी गोळा झाली. आई तर घाबरून दारातच उभी. तिला वाटलं, लेकीनं नोकरीत काहीतरी घोटाळा केला आणि साहेबाची बायको आली. बाईंनी चपला काढल्या, ओटीवर ऐसपैस मांडी घातली आणि म्हणाल्या, "आई, मीसुद्धा आयुष्यभर बाळंतपणंच केली. घाबरू नका. हिच्या वेळचं सगळं सांगा. पहिल्या कळेपासून."

माझ्या आईला हे जन्मात कुणी विचारलं नव्हतं. नऊ बाळंतपणं झाली, पाच जगली, पण बस, सांग, ऐकते, असं कुणी म्हणालं नव्हतं. ती बसली. आधी लाजत, मग डोळे पुसत, मग हात नाचवत तिनं सगळं सांगितलं. आणि मध्येच म्हणाली, "घरात कोन पन नव्हता ओ. सगल्या बायका गौरी आनायला पान्यावर गेलेल्या. तेरडा घेऊन त्या गानी म्हनत दारात आल्या नि ही रडली."

बाई ताठ झाल्या. "गौरी? गौरी आल्या त्या दिवशी?"

"तर! गौर नि ही एकदमच घरात आल्या."

साल आईला माहीत होतं. बाई उठल्या आणि तशाच अनवाणी गावात पूजा सांगणाऱ्या गुरुजींच्या घरी. गुरुजींनी त्या सालचं पंचांग काढलं, बोटं मोजली आणि सांगितलं, त्या वर्षी गौरी आठ सप्टेंबरला आल्या.

बाईंनी अशी किंकाळी फोडली की गुरुजींची म्हैस दावं ओढायला लागली. आठ सप्टेंबर म्हणजे साईबिणीचा, त्यांच्या मारियामातेचा वाढदिवस. त्या दिवशी ह्यांच्या चर्चमध्ये नव्या भाताची कणसं नेतात, पोरी साईबिणीवर फुलं उधळतात. "आणि मी हिला एक जून म्हणत्ये!" बाई रडत हसत गुरुजींना सांगत होत्या. "अहो, तुमची गौर आली, आमची साईबीण आली, आणि त्याच दिवशी ही! सगळ्या संतांच्या वरची! माझ्या घरात भाड्यानं राहत्ये!" गुरुजींना त्यातलं काय कळलं देव जाणे, पण त्यांनीही हात जोडले. दिवस मिळाला, गौरी दारात आल्या ती दिवेलागणीच्या आधीची वेळ मिळाली, आणि गुरुजींनी माझी पत्रिका केली. परतीच्या एस.टी.त बाई चिपळूणपर्यंत गात होत्या. इतकी आनंदी मी त्यांना कधी पाहिली नाही.

तो आनंद दोन आठवडे टिकला.

त्यानंतरचा कॉल आईसाठी नव्हताच. खेडहून लाइन आली आणि तो म्हणाला, "मंगळ निघालाय. कडक. आई रविवारी पत्रिका परत द्यायला येतेय." मी म्हटलं, "तीन मिनिटं झाली." ट्रंक कॉलची मुदत तेवढीच, पण ती झाली नव्हती. मी प्लग काढला. माझ्या शेजारची ऑपरेटर माझा हेडफोन काढून घेऊन म्हणाली, जा, तोंड धू.

घरी येऊन बाईंना सांगितलं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग आरामखुर्चीत बसून म्हणाल्या, "मी कशाला गेले गो मंडणगडाला? एक जूनच बरी होतीस. एक जूनला कुठला मंगळ?" मी त्यांची समजूत काढत होते, आणि लग्न माझं मोडत होतं! त्या जेवेनात. फळीसमोर बसायच्या आणि मधूनच एखाद्या संताकडे असं बघायच्या, जसं काही त्यानंच चुगली केली.

माझ्या आईला निरोप गेला होता. तिचंही उत्तर आलं, काळजी नको, देव पाण्यात घातलेत. बाईंनी विचारलं, म्हणजे काय? मी सांगितलं, आमच्याकडे काम होईपर्यंत देवांना पाण्यात बुडवून ठेवतात. त्यांना बाहेर यायची घाई, म्हणून ते काम लवकर करतात. बाईंना हे एकदम पटलं. त्यांच्या सां अंतोनीला त्या हरवलेली वस्तू मिळेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा करायच्याच. हे त्याच्या पुढचं. त्यांनी अंतोनी उचलला आणि बादलीत बुडवला.

अहो, प्लास्टरचा तो! शनिवारी बादलीत बघते तर पाणी तपकिरी, अंतोनी पांढराफटक, आणि त्याच्या हातातल्या बाळाचं नाक गेलेलं. बाई हादरल्याच. "तुमचे देव पितळेचे," माझ्यावरच ओरडल्या, "तुम्हाला काय जातंय पाण्यात घालायला!" मग त्याला काढून पडवीत उन्हात ठेवला.

रविवारी बाई चर्चमध्ये मिस्सा करून आल्या आणि पाठोपाठ मुलाची आई आली. मी माजघराच्या पडद्याआड. आवाज तोच, फोनवरचा, पण आज बारीक झालेला. आल्या आल्या त्यांचं लक्ष पडवीत वाळत ठेवलेल्या पांढऱ्या मूर्तीकडे गेलं.

"हे काय हो बाई?"

"देव पाण्यात घातला होता."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी," बाई म्हणाल्या. "बसा वहिनी."

त्या बसल्या. पत्रिका टेबलावर ठेवली. "मुलगी सोन्यासारखी आहे," त्या म्हणाल्या. "पण माझं माणूस समुद्रावर असतं. ह्या बाबतीत मी डोळेझाक नाही करू शकत. आणि माझ्या मुलाची पत्रिका किती स्वच्छ आहे. तुम्हीच तर सांगितली होतीत वेळ." त्यांनी हे कौतुकानं म्हटलं. गावात तसं होतंच. ज्योतिषी विचारायचा, जन्म कुठे झाला? नर्सबाईंकडे म्हटलं की तो मान डोलवायचा, मग वेळ पक्की. बाईंना आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता, आणि तो हा होता.

बाई बराच वेळ चहात साखर ढवळत राहिल्या. मग चमचा खाली ठेवला.

"वहिनी, तुमचा मुलगा लुई नाही."

"अं?"

"पंचवीस तारखेचा नाही तो. चोवीसचा. रात्रीचे बारा वाजायला अर्धा तास होता तेव्हा झाला."

मी पडदा घट्ट धरला.

"चोवीस ऑगस्ट म्हणजे सां बार्थोलोमेव," बाई सांगत होत्या. आवाज कधी नव्हे इतका हळू. "त्याची जिवंतपणी कातडी सोलली हो. सगळी. आणि तुमचा पोरगा इतका गोरा, इतका कोवळा, हाताला लोण्यासारखा लागत होता. मी म्हटलं, ह्याच्या कानात ते नाव मी कशी सांगू? उद्या राजा येतोय, सां लुई. अर्ध्या तासाचा तर प्रश्न! बाहेर तुमचे दीर येरझारा घालत होते. मी दार आतून लावून घेतलं. पोराला मांडीवर घेऊन बसले. बारा वाजू दिले. मग दार उघडलं आणि सांगितलं, आत्ता झाला."

"अर्धा तास?" मुलाच्या आई म्हणाल्या. "रडला नाही तो?"

"नाही. माझं बोट धरून होता."

"आणि मी?"

"तुम्ही ग्लानीत होता. फार त्रास झाला होता तुम्हाला."

मुलाच्या आईंनी खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं, आता उठतील, दोन शब्द सुनावतील आणि जातील. सगळ्या गावात बोभाटा होईल. नर्सबाईंच्या वेळा खोट्या! बाईंनाही तेच वाटत असावं, कारण त्यांनी मान खाली घातली होती.

"किती जणांचं केलंत असं?"

"सगळ्यांचं नाही हो!" बाई कळवळून म्हणाल्या. "ज्यांचे संत फारच हाल होऊन मेले तेवढ्यांचंच. आणि तेही बाराच्या जरा अलीकडे आलेल्यांचं. दिवसाढवळ्या आलेल्यांना मी काय करणार?"

एक विचित्र आवाज आला. मला आधी वाटलं, त्या रडतायत. त्या हसत होत्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. "एवढी वर्षं मी ती पत्रिका घेऊन दारोदार फिरतेय," त्या म्हणाल्या. "ज्योतिषी म्हणाला, मुलगा परदेशी जाईल. गेला लोट्याला! म्हणाला, पाण्यापासून जपा, मी त्याला पोहायला नाही शिकवलं. ती सगळी दुसऱ्याच कुणाची तरी पत्रिका! त्याला स्वतःला मंगळ आहे की काय तेही मला ठाऊक नाही!" आणि मग खरंच रडल्या. बाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मला शुद्ध नव्हती. बाप समुद्रावर. आणि माझ्या पोराच्या वाट्याला काही वाईट येऊ नये म्हणून तुम्ही दार लावून बसलात. त्या अर्ध्या तासात त्याची आई तुम्हीच होतात हो बाई."

बाईंनी झग्याच्या खिशातून रुमाल काढला, तो मुलाच्या आईला दिला आणि स्वतः टेबलावरचा टेबलक्लॉथ डोळ्यांना लावला.

थोड्या वेळानं मुलाच्या आईंनी नाक पुसलं आणि टेबलावरची माझी पत्रिका उलगडली. चष्मा लावला. घसा साफ केला. "बाई," त्या जरा इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "हिची पण वेळ जरा बघाल का?"

"म्हणजे?"

"म्हणजे... दिवेलागणीच्या आधी असं गुरुजींनी लिहिलंय. पण गौरी दारात नक्की कधी आल्या, ते कुणी घड्याळात बघितलं होतं थोडंच. वेळ सरकली की मंगळाचं घरही सरकतं."

बाई ताडकन उठल्या. "मी? परत? एवढी कबुली दिल्यावर?" त्यांनी पडवीतल्या पांढऱ्या अंतोनीकडे बघितलं. तो बिचारा उन्हात उभा होता, रंग गेलेला, बाळाला नाक नाही. बाई हळूच पुन्हा बसल्या. "तारखेला हात लावायचा नाही," त्या कडक आवाजात म्हणाल्या. "साईबिणीचा वाढदिवस आहे तो. तारीख आठच राहणार."

"तारीख आठच," मुलाच्या आई म्हणाल्या. "देवाशपथ."

"मग वेळेचं बोला."

आणि त्या दोघी खुर्च्या जवळ ओढून बसल्या. पाणवठा लांब असेल, एक म्हणाली. त्यात पाऊस, भाद्रपदातला. तेरडा लगेच कुठे मिळतो, शोधावा लागला असेल. गाणी म्हणत यायचं म्हणजे बायका काही धावत येत नाहीत. वाटेत कुणाच्या दारात थांबल्या असतील, हळदीकुंकू झालं असेल. नाही म्हटलं तरी उशीर झालाच असणार. चांगला उशीर. दिवे लागून गेले असतील. चहा केव्हाच निवून गेला होता. पडद्याआडून मी बघत होते. त्या दोघी डोक्याला डोकं लावून मला नव्यानं जन्माला घालत होत्या, आणि मला कसलीही घाई नव्हती.